हाताचं काम, लेखांक १४: रंगाखालचं सोनं

निळा रंग लावून वीस तास झाले होते. खिडकीजवळच्या टेबलावर वीतभर सागाची फळी, हातात चाकूनं टोक काढलेली बांबूची काडी. काडी टेकवली आणि वेलीचा पहिला बाक ओढला. टोकापुढे निळ्या रंगाची बारीक भुकटी गोळा होत गेली आणि मागे सोनं उघडं पडत गेलं. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ती रेघ. पण फळी जराशी कलती केली की ती पेटायची आणि परत सरळ धरली की विझायची. पुढची दहा मिनिटं मी नुसती फळी हलवत बसलो होतो.

गेल्या आठवड्यात सोन्याच्या वर्खाबद्दल लिहिलं होतं. १ ग्रॅम सोनं ठोकून ठोकून त्याची तळहाताएवढी पन्नास-साठ पानं निघतात, एवढं ते पातळ होतं. त्यावर, 'एवढं महागडं पान लाकडावर चिकटवून वर पुन्हा रंगानं झाकायचं? मग सोनं लावलंच कशाला?' असं एका वाचकांनी विचारलं. या प्रश्नाला आजचा अख्खा लेखांक द्यावासा वाटला. कारण या कामातली नक्षी काढलेली नसते, ती उघडलेली असते. रंगाचा पडदा हवा तिथे बाजूला सारायचा आणि खालचं सोनं बोलू द्यायचं.

आधी फळीवर काय काय असतं ते पाहू. लाकडाला पहिला हात सरसाचा. मग खडूची पूड सरसात कालवून तिचे सात-आठ पातळ थर, प्रत्येक थर वाळवून. शेवटी घासून घासून पृष्ठभाग अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत करायचा. त्यावर लाल मातीचा लेप. ही माती आपल्या गेरूच्या नात्यातली, पण कितीतरी मऊ. बोटांत चोळली तर लोण्यासारखी लागते. ती ओलसर करून वर्ख टाकायचा आणि ओल बेताची उरली की अकीकाच्या घोट्यानं घोटायचं. अकीक आपल्याला परका नाही. दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तो तयार होतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा पोकळ्यांतलं वैभव काचेआड मांडलेलं आहे. घोटण्यापूर्वी वर्ख पिवळ्या कागदासारखा निस्तेज दिसतो. घोटा फिरू लागला की खालची मऊ माती दबते, तिच्याबरोबर वर्खही सपाट होतो आणि फळी धातूची वाटू लागते. सोन्याला जी ऊब दिसते ती बरीचशी त्या लाल मातीची असते. जुन्या कामात जिथे सोनं झिजलंय तिथे ती लाली डोकावते, आणि मला तरी ती फार देखणी वाटते.

आता रंग. अंड्यातला पिवळा बलक, पाणी आणि वाटलेला रंग, एवढंच. घोटलेलं सोनं काही शोषून घेत नाही, त्यामुळे पहिला हात अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा थेंब थेंब होऊन पळतो. घाबरायचं नाही. तो वाळू द्यायचा आणि दुसरा, तिसरा पातळ हात द्यायचा. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकारानं १४०० च्या सुमारास चित्रकामाच्या कृतींचं एक पुस्तक लिहिलं. त्यात तो तरुण चेहऱ्यांसाठी शहरी कोंबडीच्या अंड्याचा बलक वापरायला सांगतो, कारण तो फिकट असतो. खेड्यातल्या कोंबडीचा गडद बलक त्यानं वयस्क, सावळ्या चेहऱ्यांसाठी राखून ठेवलाय. गावठी अंड्याचा बलक केशरी असतो हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. सहाशे वर्षांपूर्वीचा कारागीर त्याच निरीक्षणावर चित्रातल्या माणसाचं वय ठरवत होता.

हाच चेन्निनी सोन्यावर रंग देऊन तो खरवडायची रीत सांगतो. नक्षीच्या कागदाला सुईनं भोकं पाडायची, कागद रंगावर ठेवायचा आणि पुडीची पुरचुंडी वरून थापटायची. साडीवर भरतकामाचा खाका छापून देणाऱ्या दुकानात हीच युक्ती चालते, तिथे पुरचुंडीऐवजी रॉकेलात भिजवलेला बोळा असतो. मग लाकडाचं किंवा हाडाचं हत्यार घ्यायचं. त्याचं एक टोक रेघेसाठी अणकुचीदार, दुसरं मोठी जागा मोकळी करायला चपटं. लोखंड चालत नाही. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर सोनं आणि आपलं नख जवळपास एकाच पायरीवर, अडीचच्या आसपास येतात. पोलादी सुई सोन्यातून, मातीतून थेट पांढऱ्या खडूपर्यंत जाते. लाकूड रंगापाशी थांबतं.

पण चेन्निनी हे सगळं शिकवतो ते कशाची नक्कल करायला? कापडाची. सिमोने मार्तिनी आणि लिप्पो मेम्मी यांनी १३३३ मध्ये सिएनाच्या कॅथेड्रलसाठी केलेलं एक चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता सांगतोय असा प्रसंग. त्या देवदूताचा झगा पांढरा, त्यावर सोनेरी पानंफुलं. ती फुलं सोन्यानं रंगवलेली नाहीत, पांढरा रंग खरवडून काढलेली आहेत. त्या काळी मंगोल साम्राज्यातून व्यापारी जरीचं रेशीम इटलीत आणत आणि चित्रकार त्या विणीवर अक्षरशः भाळले होते.

येवल्याची पैठणी पाहिलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागू नये. पैठणीच्या पदरात जर ही जमीन असते आणि त्या सोनेरी जमिनीत रंगीत रेशमाचे मोर, आसावलीच्या वेली छोट्या छोट्या कांड्यांनी गुंफल्या जातात. खाली सोनं, वर रंग. सिएनाच्या चित्रकारानं तोच संसार उलट्या बाजूनं मांडला: आधी सगळं सोनं, मग सगळा रंग, मग रंग उणा करत करत वीण उभी. माझ्या फळीवर मी मुद्दाम आसावलीचीच वेल घेतली होती. विणकर एक फूल धाग्याधाग्यानं भरत जातो, इथे ते रेघेरेघेनं मोकळं होत जातं. दोन्हीकडे डोळ्याला दिसतं एकच.

स्पेन-पोर्तुगालमध्ये हे काम लाकडी मूर्तींवर आलं तेव्हा त्याला नावच कापडाचं मिळालं. 'एस्तोफादो', म्हणजे 'एस्तोफा' या कापडाच्या शब्दावरून. आणि पोर्तुगीजांबरोबर ते आपल्या शेजारी, गोव्यात उतरलं. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये शिरलं की समोरची सोनेरी वेदी आधी डोळे दिपवते. बॉम जेझुसची, से कॅथेड्रलची, असिसीच्या संत फ्रान्सिसची. माझी विनंती अशी की वेदी पाहून झाली की मूर्तींच्या झग्यांकडे या. हे काम कुठे सापडलं तर चेहऱ्यात सापडत नाही, कापडात सापडतं. झग्याचा काठ, छातीवरची मोकळी जागा, बाहीची कड इथे फुलं भरलेली असतात. चुण्यांच्या खोबणीत काडी पोचत नाही. सांता मोनिकाच्या जुन्या मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय तर याचसाठी अर्धा दिवस देण्याजोगं आहे.

हे काम करणारे हात कोणाचे? १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या धर्मपरिषदेनं ख्रिस्ती प्रतिमा हिंदू कारागिरांकडून करून घ्यायला मनाई केली. मनाई करावी लागली यातच उत्तर आहे. देवळाचा खांब कोरणारा हात आणि वेदीचा खांब कोरणारा हात एकाच गावचा होता. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोव्यासारखंच वैभव उत्तरेला पोर्तुगीजांच्या वसईतही होतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठा सरदारांबरोबर देवळादेवळांत गेल्या. त्यातली एक आपल्या पंचवटीत, १७४७ च्या नारोशंकराच्या देवळावर आहे. दणदणीत आवाजाच्या माणसाला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो ती हीच. घंटा काशाची होती म्हणून टिकली. वसई किल्ल्यातल्या चर्चच्या आज भिंती उभ्या आहेत, लाकूडकामाचा मागमूस नाही. गोदावरीवर उभं राहून ती घंटा पाहताना मला नेहमी तिच्या खालच्या वेदीचा विचार येतो.

खरवडून नक्षी काढायची आपली अशीही एक रीत आहे, तिच्यात सोनं नाही. गोवा आणि सिंधुदुर्गातल्या देवळांवरची कावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर काव मिसळलेला तांबडा थर आणि तो ओला असतानाच कोरून काढलेली पांढरी चित्रं. होन्नावरचे कृष्णानंद कामत यांनी तिच्यासाठी गावोगाव पायपीट केली. तिला पूर्ण लेखांक हवा, तो पुढच्या आठवड्यात.

फळीकडे परत येतो, कारण या कामाचा सगळा जीव वेळेत आहे. बलकातला रंग लवकरच हाताला कोरडा लागतो, पण आतून तो आठवडेच्या आठवडे घट्ट होत राहतो. माझी पहिली फळी मी सहा तासांनी खरवडली: रंग काडीला चिकटून साल निघावी तसा निघाला, रेघेच्या कडा फाटल्या. दुसरी कामाच्या गडबडीत बारा दिवस तशीच पडली. तिचे टवके उडाले, आणि एका जागी टवक्याबरोबर सोनंही आलं, खालची लाल माती दिसायला लागली. वीस तासांची ही तिसरी. नाशिकच्या फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेत वीस तास जमले; श्रावणात हाच हिशेब लागू पडणार नाही. घड्याळापेक्षा भुकटीकडे बघावं. पीठ मळायला घेतल्यावर पहिल्या पाण्यानं रवाळ होतं, तशी ती रवाळ सुटली की वेळ बरोबर.

शेवटी एक कळकळीची गोष्ट. जुन्या मूर्ती 'नव्यासारख्या' करायच्या म्हणून त्यांच्यावर ऑइलपेंट आणि डब्यातला सोनेरी रंग फासला जातो. त्या रंगात सोनं नसतं, पितळेसारखी धातूची पूड असते. काही वर्षांत ती काळवंडते, आणि खालचं न काळवंडणारं सोनं कोणाला दिसतही नाही. तुमच्या घरात, गावातल्या चर्चमध्ये किंवा देवळात जुनी रंगवलेली लाकडी मूर्ती असेल तर ब्रश आणण्याआधी, फडकंही लावण्याआधी, संध्याकाळी दिवे मालवून टॉर्च वस्त्राच्या काठाला अगदी आडवा धरा आणि सावकाश हलवा. एखादी रेघ पेटून विझली, तर तिथेच थांबा आणि जुनं काम जाणणाऱ्याला बोलवा.