आमच्यानंतर त्याचं कोण?

शेजारच्या काकूंच्या कपाटात एक निळी वही आहे. मुलगा अडतीस वर्षांचा, बौद्धिक अपंगत्व असलेला. वहीत लिहिलंय: चहात साखर दीड चमचा. फिटची गोळी रात्री जेवल्यावर. ढग गडगडले की घाबरतो, हात धरून बसायचं. काका-काकूंनी त्याच्यासाठी केलेल्या ट्रस्टच्या कागदांबरोबर ही वही ठेवली आहे.

ट्रस्ट म्हटलं की आपल्याला देवस्थान नाहीतर शिक्षणसंस्था आठवते. पण १८८२च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली घरच्या माणसासाठी खासगी ट्रस्टही करता येतो. मृत्युपत्राने घर मुलाच्या नावावर होईल. पण व्यवहार न कळणाऱ्याने सही कशी करायची? बहिणीच्या नावावर सगळं करून ‘दादाला सांभाळ’ म्हणावं, तर मालक तीच. उद्या तिचा धंदा बुडाला तर घेणेकरी त्याच पैशावर हात टाकतील. ती आधी गेली तर तो पैसा तिच्या वारसांत वाटला जाईल. नॉमिनी लावून भागतं, ही समजूतही सोडायला हवी. शेअर्सचा नॉमिनी मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

ट्रस्टमध्ये मालकी आणि उपभोग यांची फारकत होते. ठेवी विश्वस्तांच्या ताब्यात, पण खर्च मुलासाठीच. विश्वस्ताला त्यातून स्वतःचा फायदा काढता येत नाही, हिशेब ठेवावा लागतो. तो चुकला तर मुलाच्या वतीने न्यायालयात जाता येतं. एक विश्वस्त गेल्यावर दुसरा कोण, मुलाच्या पश्चात उरलेलं कुणाला, हेही आधीच लिहून ठेवता येतं.

कर वाचेल म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये. स्थावर मालमत्ता हयातीत ट्रस्टला द्यायची तर दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांक शुल्काचा खर्च येतो. म्हणून काकांनी सध्या थोडी रक्कम ट्रस्टमध्ये घातली आणि फ्लॅट मृत्युपत्राने ट्रस्टला दिला. माणसाचा सांभाळ मात्र वेगळा विषय. त्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी असलेल्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. माझं आग्रहाचं सांगणं: पालक आणि विश्वस्त एकच व्यक्ती नको. पैसे मागणारा आणि देणारा वेगळे असले की खर्चावर दुसरी नजर राहते.

काकूंनी भाचीला विश्वस्त केलंय. ती दर रविवारी येते. परवा चहा तिने केला. त्याने एक घोट घेऊन कप परत सरकवला. काकूंनी वही काढली, ‘दीड’ खोडून ‘दोन’ केलं.