किती शितांवरून भाताची परीक्षा?

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपल्या घरात इतकी रुळली आहे, की तिच्या पोटात एक भला मोठा प्रश्न दडला आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भात रटरटत असतो. गृहिणी पळीच्या टोकावर दोन शिते घेते, बोटांनी चेपून पाहते आणि निःशंकपणे गॅस बंद करते. पातेल्यात शिते हजारो; तिने पाहिली दोन! तरीही पानात कच्चा भात क्वचितच पडतो. हा विश्वास तिला कोठून आला? आणि तो किती धरावा? दोन शितांवर भागते, की चार पाहायला हवीत?

पातेले स्वयंपाकघरातले असेल तर प्रश्न हसण्यावारी नेता येतो. फार तर एका जेवणाचा विरस होईल. परंतु हेच पातेले एखाद्या तालुक्याएवढे मोठे असले आणि त्या शितांवर शेकडो कुटुंबांचे वर्ष अवलंबून असले, म्हणजे मग हसू मावळते.

डहाणूची गाडी आणि तलासरीचे भात

चर्चगेटहून निघालेली लोकल २०१३ सालापासून थेट डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली, तेव्हापासून मुंबईकरांना हा मुलूख जवळचा झाला. घोलवड-बोर्डीचा समुद्रकिनारा, चिकूच्या गर्द वाड्या आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवलेला तो चिकू, एवढी डहाणूची ओळख आपणांस असते. पण स्टेशनच्या पूर्वेला वळले, की वाड्या मागे पडतात. टेकड्या, पाडे, पावसावर पिकणारी भातखाचरे आणि नाचणी-वरीचे उतार लागतात. पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेला चिकटून तलासरी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातले हे दोन तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तलासरीत दहा माणसांपैकी नऊ आदिवासी, डहाणूत दहांपैकी सुमारे सात.

आपल्याकडे आकाशकंदील लागतात, त्या दिवसांत तिकडे भाताच्या कापणीची घाई असते. त्याच वेळी काही निवडक शेतांत सरकारी माणसे फीत आणि दोरी घेऊन उतरतात. चिठ्ठी टाकल्यासारखे शेत निवडायचे, त्या शेतातला एक ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढ्याच तुकड्यातले भात कापायचे, झोडायचे आणि दाणे तोलायचे. याला पीक-कापणी प्रयोग म्हणतात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळाला अशा निदान १० प्रयोगांची अट आहे. अलीकडे काही पिकांसाठी उपग्रहाच्या चित्रांचा हिशेबही त्यात मिळवतात. परंतु मूळ आधार ही तोललेली शितेच. त्यांच्यावरून मंडळाचे सरासरी उत्पन्न निघते. मागील वर्षांच्या उत्पन्नावरून ठरवलेल्या ‘उंबरठा उत्पन्ना’पेक्षा ते कमी भरले, तरच मंडळातल्या विमाधारकांना त्या हिशेबाने भरपाई मिळते.

म्हणजे पाहा, शिते दहा; आणि पातेले म्हणजे सारे मंडळ!

चिंचोक्यांची पिशवी

आता आपण एका शाळेत डोकावू. शाळा कल्पनेतली आहे, पण तिच्यातला धडा कोणत्याही खऱ्या शाळेत देता येईल असा आहे.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात संभाव्यता आणि सांख्यिकी असे दोन धडे एकापाठोपाठ आहेत. मध्य, मध्यक, बहुलक काढायला मुले शिकतात आणि उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी होतात. उत्तर एकच, आणि तेच खरे! परंतु ज्या आकड्यांवर जग चालते ते बहुधा शितांवरून काढलेले असतात. त्यांच्याखाली दोन रेघा मारता येत नाहीत. तेथे, ‘आकडा किती?’ या प्रश्नामागोमाग, ‘तो किती इकडेतिकडे होऊ शकेल?’ हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, अर्थात विश्वास-अंतराल. नाव जड आहे. वस्तू तशी नाही.

तर आमच्या या शाळेतल्या बाई वर्गात एक पिशवी आणतात. पिशवीत चिंचोके. काही चुन्यात बुडवून पांढरे केलेले, बाकीचे तपकिरी. वर्गात चाळीस मुले-मुली. प्रत्येकाने न पाहता एक चिंचोका काढायचा, रंग लिहायचा, परत टाकायचा आणि पिशवी हलवायची. असे शंभर वेळा. त्यावरून पिशवीत पांढरे शेकडा किती ते सांगायचे.

एकाचे येतात ५७, दुसरीचे ६४, तिसऱ्याचे ५९. वर्गात गलका होतो, “बाई, खरं उत्तर कुणाचं?” बाई हसून म्हणतात, “कुणाचंच नाही, आणि बहुतेक सगळ्यांचं! आपापल्या आकड्यात दहा मिळवा, दहा वजा करा, आणि तो पट्टा लिहा.”

हे दहा कोठून आले? नियम लक्षात ठेवायला अगदी सोपा आहे. जितके नमुने घेतले त्या संख्येचे वर्गमूळ काढायचे आणि एकाला त्याने भागायचे. शंभराचे वर्गमूळ दहा. एक दशांश म्हणजे शेकडा दहा. ५७ वाल्याचा पट्टा ४७ ते ६७. ६४ वालीचा ५४ ते ७४. मग बाई पिशवी ओततात आणि सर्वांदेखत मोजतात. समजा, पांढरे शेकडा ६० निघाले. एकेकाचा पट्टा फळ्यावर तपासला जातो. याच्यात साठ आहेत, हिच्यात आहेत, त्याच्यातही आहेत... आणि मागच्या बाकावरची एक मुलगी हिरमुसली होऊन उभी राहते. तिचे आले होते ४८. पट्टा ३८ ते ५८. साठ बाहेर!

“बाई, माझं चुकलं का हो?”

“नाही गं. तू नीट मोजलंस, खोटं लिहिलं नाहीस, पिशवीत डोकावलीही नाहीस. चाळीस जणांत एखाद-दुसऱ्याचं असं व्हायचंच. आज ते तुझ्या वाट्याला आलं, एवढंच.”

या धड्याचा प्राण येथे आहे. या रीतीने काढलेले पट्टे शंभरातून निदान पंचाण्णव वेळा खऱ्या आकड्याला कवेत घेतात, असे गणित सांगते. पण आपल्या हातातला पट्टा त्या पंचाण्णवांतला की उरलेल्या पाचांतला, हे पिशवी ओतल्याशिवाय कळत नाही; आणि तालुक्याची पिशवी कोणालाच ओतता येत नाही. चैत्रात डहाणूजवळ महालक्ष्मीची जत्रा भरते. जत्रांतून साबणाच्या वड्यांवर कड्या टाकण्याचा खेळ आपण सर्वांनीच खेळला आहे. वडी जागची हलत नाही. कडी कधी तिच्याभोवती पडते, कधी शेजारी. खरा आकडा ही वडी आणि आपला पट्टा ही कडी. विश्वास ठेवायचा तो एका फेकीवर नव्हे, तर फेकणाऱ्या हाताच्या सवयीवर.

मुलांना लगेच दुसरी शंका येते. पट्टा अरुंद करायचा असेल तर? त्याची किंमत मोजावी लागते. शंभर नमुन्यांनी दहाचा पट्टा मिळतो. तो पाचावर आणायचा तर दोनशे पुरत नाहीत, चारशे लागतात. एकावर आणायचा तर दहा हजार! अर्धी शंका घालवायला चौपट कष्ट. हा सौदा ज्या मुलाला समजला, त्याला पुढे वर्तमानपत्रातला कोणताही आकडा सहजासहजी फसवणार नाही.

यासाठी यंत्रे नकोत, की महागडी साधने नकोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले, ते याच भागातल्या बिया, पाने आणि शंख-शिंपल्यांवर उभे केले. लहानग्यांना मोजणी शिकवायला जी बी चालली, ती थोरल्यांना अनुमान शिकवायला का चालू नये?

विश्वास की फसवणूक?

या कल्पनेचे जनक नेमन हे पोलंडमधून लंडनला आलेले गणिती. १९३४ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध वाचला, तेव्हा बौली या बुजुर्ग संख्याशास्त्रज्ञांनी शंका काढली, की हा ‘कॉन्फिडन्स’ म्हणजे भोळ्या माणसाला गंडवणारी ‘कॉन्फिडन्स ट्रिक’ तर नव्हे ना! थट्टेतली ही शंका अगदीच अनाठायी नव्हती.

त्या दिवसांत त्याच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एक मराठी तरुण शिकत होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. नमुना-पद्धतीचा नेमन यांचा विचार पुढे नेणारा निबंध त्यांनी १९३५ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, प्रसिद्ध केला. भारतात परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीक-कापणीच्या प्रयोगांना शास्त्राची बैठक दिली. तलासरीच्या खाचरात आज जी फीत धरली जाते, तिचे दुसरे टोक या दोघा मराठी माणसांच्या हाती आहे म्हणाना!

कापायचा तुकडा केवढा असावा, यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबीस या दोन दिग्गजांचा मोठा वाद झाला. लहान तुकडे स्वस्त पडतात. थोड्या खर्चात पुष्कळ कापता येतात. पण सुखात्मे यांनी दाखवले, की फार लहान तुकड्यांवरून उत्पन्न वाजवीपेक्षा अधिक दिसते. कारण मोठे साधे आहे. दोरीवरच उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. एक मीटरच्या चौकोनाला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड. दहा मीटरच्या चौकोनाला शंभर चौरस मीटरांमागे चाळीसच. तुकडा जितका लहान, तितकी कडेची लबाडी मोठी.

मौज अशी, की ही चूक हजार तुकडे कापून जात नाही. उलट, पट्टा अधिकाधिक अरुंद होत जातो आणि चुकीच्या जागी घट्ट बसतो! पातेले न ढवळता वरवरचीच शिते पाहिली, तर वीस पाहूनही तळाचा करपा कळत नाही. तसेच, महामार्गालगतच्या पाड्यांतलीच मुले तोलून तलासरीच्या कुपोषणाचा आकडा सांगितला, तर पट्टा कितीही देखणा असला तरी आतल्या पाड्यातले मूल त्यात आलेच नाही. बौलींची शंका खरी ठरते ती येथे. चिठ्ठी सचोटीने टाकलेली नसेल, तर विश्वास-अंतरालाचे विश्वासघात-अंतराल व्हायला वेळ लागत नाही.

पुन्हा त्या दहा शेतांकडे

आता एक हिशेब मांडू. आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. एका मंडळात दहा प्रयोग झाले. सरासरी हेक्टरी २० क्विंटल भात आले. उंबरठा १९ चा. वीस एकोणिसांहून मोठे, तेव्हा भरपाई शून्य! पण त्या दहा शेतांतला चढउतार, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, पाच क्विंटलांचा असेल तर? पाचाला दहाच्या वर्गमुळाने भागले, तर सुमारे १.६ येतात, नमुना लहान म्हणून त्याची दुपटीहून थोडी अधिक पट धरायची. पट्टा होतो सुमारे साडेसोळा ते साडेतेवीस क्विंटल. म्हणजे मंडळाचे खरे उत्पन्न १७ असण्यालाही जागा आहे. आणि १७ असते, तर विमा-रकमेचा सुमारे दहावा भाग प्रत्येकाच्या हाती पडला असता. उलटही घडू शकते. खरे उत्पन्न चांगले असून चिठ्ठीत पडकी शेते आली, म्हणून भरपाई मिळून जाईल. यात लबाडी कोणाचीच नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलीसारखेच हे. फरक इतकाच, की तिचे हिरमुसणे मधल्या सुट्टीपर्यंतचे होते आणि येथे एका कुटुंबाचे वर्ष आहे.

मग आकडे टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. दहा शेते प्रामाणिकपणे तोलणे हे अंदाजाने बोलण्यापेक्षा कितीतरी चांगले. पण आकड्याबरोबर त्याचा पट्टाही सांगितला पाहिजे. तो फार रुंद असेल, तर आणखी शेते कापण्याचा खर्च सोसला पाहिजे. आणि हे मागायचे कोणी? ज्यांचे भात तोलले जाते, त्यांच्या मुलांनी. चिंचोक्यांचा धडा शिकलेली मुलगी उद्या खाचराच्या बांधावर उभी राहील आणि दोरी धरणाऱ्याला विचारील, “काका, चिठ्ठी कशी टाकलीत? शेतं किती? आणि एकाचं दुसऱ्याशी किती जुळलं?” या तीन प्रश्नांत अवघे संख्याशास्त्र आले.

आपणही फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वर्तमानपत्र चाळताना, “शेकडा इतके लोक असे म्हणतात” हे वाचू, तेव्हा क्षणभर थांबावे आणि तेच विचारावे. शिते किती पाहिली? आणि त्याआधी पातेले ढवळले होते काय? घरातल्या गृहिणीला हे शिकवावे लागत नाही. पळी बुडवण्यापूर्वी ती भात खालीवर करतेच.