शकुंतलेचे यवतमाळ स्थानक

यवतमाळच्या जुन्या स्थानकात आता गाडी येत नाही. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांत पोहोचावा, यासाठी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने येथून मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटरचा, अडीच फुटी अरुंद मार्ग उभारला. कापूस वेचणाऱ्या हातांचा विचार त्या आराखड्यात नव्हता. तरीही पुढे दारव्हा, कारंजाकडच्या ज्या शेतमजुरांना बसभाडे परवडत नसे, त्यांची ‘शकुंतला’ हीच गाडी झाली. मँचेस्टरमध्येच १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती ओढत होते. विशेष म्हणजे, स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे सरकारी झाली, या रुळांची मालकी मात्र खाजगीच राहिली! २०२४ मध्ये वर्धा-कळंब ब्रॉडगेज सुरू झाली. नांदेडकडे जाणाऱ्या त्या नव्या मार्गावर यवतमाळ आहे. कारंजा, मूर्तिजापूर नाहीत.