पाचव्या नंबरवर कोण? एनएचएल ड्राफ्टआधीचं माझं गणित

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आजचा एपिसोड नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जे ‘अं... म्हणजे...’ झालं ते गाळलंय, बाकी सगळं तेच.

२८ जून २०२३ ला अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये एनएचएलचा ड्राफ्ट आहे. एनएचएल म्हणजे आइस हॉकीची जगातली सगळ्यात मोठी लीग. माझी टीम माँट्रियल कॅनेडियन्स. हो, पुण्यात बसून! तिथली संध्याकाळी सातची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते, आणि बऱ्याचदा साडेसातपर्यंत आम्ही हरलेलो असतो. या टीमने २४ वेळा स्टॅनली कप जिंकलाय, पण शेवटचा १९९३ मध्ये. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. यंदा आमचा नंबर पाचवा आहे, आणि त्या एका निवडीवरून माझी झोप उडालीय.

ड्राफ्ट म्हणजे ऑक्शन नाही

आपल्याला आयपीएलचं ऑक्शन माहितीये. ज्याच्याकडे पैसे त्याने बोली लावायची. ड्राफ्टमध्ये बोली नसते, रांग असते. ३२ टीम्स, सात राउंड, एकूण २२४ मुलं. जी टीम सीझनमध्ये खाली राहिली तिचा नंबर साधारण आधी. पण मुद्दाम हरून कुणी पहिला नंबर पटकावू नये म्हणून वरच्या जागांसाठी लॉटरी काढतात. यंदा शिकागो खालून तिसरी होती, तरी लॉटरी तिलाच लागली. मग अनाहाइम, कोलंबस, सॅन होजे आणि पाचवे आम्ही.

आणि ज्यांची निवड होते ती पोरं बहुतेक सतरा-अठरा वर्षांची असतात. आपल्याकडे बारावीचा निकाल लागतो त्या वयाची. कुठल्या शहरात जायचं हे त्यांच्या हातात नसतं.

वेगवेगळ्या बोर्डांचे टक्के

हॉकीत गोल केला की एक पॉइंट, गोलला पास दिला की एक पॉइंट. आता यंदाची मोठी नावं बघा.

कॉनर बेडार्ड, रेजायना पॅट्स: ५७ मॅच, १४३ पॉइंट.
विल स्मिथ (अ‍ॅक्टर नव्हे!), अमेरिकेची अठरा वर्षांखालची टीम: ६० मॅच, १२७ पॉइंट.
अ‍ॅडम फँटिली, मिशिगन युनिव्हर्सिटी: ३६ मॅच, ६५ पॉइंट.
मात्वेई मिचकोव्ह, रशियातलं सोची: २७ मॅच, २० पॉइंट.
लिओ कार्लसन, स्वीडनमधलं ओरेब्रो: ४४ मॅच, २५ पॉइंट.

नुसते आकडे बघितले तर स्मिथ मॅचमागे दोनच्या वर आणि कार्लसन साधारण अर्धा. म्हणजे स्मिथ चौपट भारी? नाही ना. एकाचे स्टेट बोर्डाचे टक्के आणि दुसऱ्याचे आयसीएसईचे टक्के शेजारी ठेवून आपण निकाल देत नाही, तसंच हे. बेडार्ड ज्युनियर लीगमध्ये खेळतो, समोर वीसच्या आतली पोरं. कार्लसन आणि मिचकोव्हच्या समोर तीस-तीस वर्षांचे दाढीवाले प्रोफेशनल. त्यातही मिचकोव्हची केएचएल ही एनएचएलनंतरची सगळ्यात तगडी लीग मानली जाते. तिथे, कमकुवत टीममधून, मॅचमागे पाऊण पॉइंटच्या आसपास? या वयात हे फारच दुर्मिळ आहे.

दुसरी गोष्ट वाढदिवस. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तरच त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये नाव येतं. फँटिलीचा जन्म १२ ऑक्टोबर २००४ चा, म्हणून तो मागच्या वर्षी थोडक्यात राहिला. बेडार्डचा १७ जुलै २००५. एकाच ड्राफ्टमध्ये नऊ महिन्यांचा फरक! या वयात नऊ महिन्यांत पोरगं केवढं भरतं ते आपण कुठल्याही ज्युनियर कॉलेजच्या ग्रुप फोटोत बघतोच.

बेडार्ड पहिला जाणार, यावर वाद नाही. वर्ल्ड ज्युनियर्सच्या सात मॅचमध्ये त्याने २३ पॉइंट केलेत. विषय संपला. आमच्यासाठी खरा प्रश्न मिचकोव्ह आहे.

तीन वर्षं थांबायची तयारी आहे का?

निव्वळ खेळावर लावली तर बरीच मंडळी मिचकोव्हला पहिल्या तिघांत ठेवतील. तरी तो पाचव्या नंबरपर्यंत खाली येईल अशी चर्चा आहे. कारण त्याचा सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए क्लबशी २०२६ पर्यंत करार आहे, आणि एनएचएल-केएचएलमध्ये खेळाडू सोडवून घेण्याचा ठरलेला मार्ग नाही. त्यात युक्रेन युद्ध. २०२२ पासून रशियाच्या टीम्स आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर आहेत. म्हणजे बेडार्डसमोर तो कसा खेळतो हे यंदाच्या वर्ल्ड ज्युनियर्समध्ये कुणाला बघताच आलं नाही.

आता मॅनेजरच्या खुर्चीत बसून बघा. आज निवडलेला मुलगा २०२६ ला येणार. तोवर तुमची नोकरी टिकेल का? नाही टिकली तर तुमच्या निवडीचं फळ पुढचा माणूस खाणार. म्हणून टॅलेंट दिसत असूनही टीम्स कचरतात. मला वाटतं भीती जितकी रशियाची आहे, तितकीच कॅलेंडरची आहे.

पण ज्याने वाट बघितली त्याला काय मिळतं? किरिल काप्रिझोव्ह बघा. मिनेसोटाने त्याला २०१५ मध्ये १३५ व्या नंबरवर घेतलं. तो आला २०२१ च्या जानेवारीत, आणि आल्या आल्या सर्वोत्तम नवोदिताची ट्रॉफी घेऊन गेला.

आणि थांबणं कुणाला परवडतं? आत्ता कप जिंकायला निघालेल्या टीमला नाही. आम्हाला परवडतं! आमची टीम नव्याने बांधली जातेय. २०२६ चा सीझन सुरू होईल तेव्हा निक सुझुकी २७ चा असेल, कोल कॉफिल्ड २५ चा. मिचकोव्ह तेव्हा आला तर उशीर झाला असं कोण म्हणेल? ‘उंचीने कमी आहे’ हा आक्षेप तर आमच्याकडे चालूच नये. कॉफिल्ड त्याच्याहून बुटका, २०१९ ला पंधराव्या नंबरवर मिळाला, आणि यंदा दुखापतीआधी ४६ मॅचमध्ये २६ गोल मारून बसला होता.

माझं चुकू शकतं ते इथे

मागच्या वर्षी आमचा पहिला नंबर होता आणि मी शेन राइटसाठी घसा कोरडा केला होता. टीमने युराय स्लाफकोव्स्कीला घेतलं, राइट चौथ्या नंबरवर सिअ‍ॅटलला गेला. मी आठवडाभर चिडलो होतो. राइटने डिसेंबरमध्ये पहिला एनएचएल गोल मारला तो नेमका आमच्याविरुद्ध! पण त्याच्या मॅचेस झाल्या जेमतेम आठ. स्लाफकोव्स्की ३९ मॅच खेळून दुखापतीने बाहेर बसला, पॉइंट १०. वर्ष झालं, तरी कोण बरोबर होतं ते सांगता येत नाही. २०१२ चा पहिला नंबर नेल याकुपोव्ह सहा सीझनमध्ये लीगबाहेर गेला. निकिता कुचेरोव्ह २०११ ला ५८ वा होता, आणि २०२१ च्या फायनलमध्ये आम्हाला हरवणाऱ्या टॅम्पाचा तो सगळ्यात धोकादायक माणूस होता.

त्यामुळे दुसरं नावही प्रामाणिकपणे सांगतो. ऑस्ट्रियाचा डिफेन्समन डाविड राइनबाखर. स्विस लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध ४६ मॅच, २२ पॉइंट. उजव्या हाताने खेळणारे चांगले डिफेन्समन कमी मिळतात, आणि तो यायला २०२६ ची वाट बघायला नको. टीमने त्याला घेतलं तर तो मूर्खपणा नसेल. पण सुरक्षित निवड आणि चांगली निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तीस वर्षं कप न मिळालेल्या टीमने सुरक्षिततेवर किती भर द्यावा?

अजून एक. या एप्रिलमध्ये मिचकोव्हचे वडील गेले. आपण इथे त्याचा करार, उंची, पॉइंट यांचा हिशोब मांडतोय, आणि तो अठरा वर्षांचा मुलगा आहे. कमेंटमध्ये त्याच्या ‘अ‍ॅटिट्यूड’वर लिहिताना एवढं लक्षात ठेवा.

तर माझं उत्तर: पाचव्या नंबरला मिचकोव्ह शिल्लक असेल तर डोळे मिटून घ्या. नसेल तर स्मिथ. तोही गेला असेल तर राइनबाखर, आणि मी या वेळी चिडणार नाही. बहुतेक.

ड्राफ्ट आपल्या वेळेनुसार २९ जूनला पहाटे साडेचारला सुरू होतोय. त्या दिवशी आषाढी एकादशी. आई तशीही लवकर उठलेली असणार. तिला सांगून ठेवलंय, ओरडलो तर घाबरू नकोस, आणि साबुदाण्याची खिचडी जरा लवकर टाक.

तुमचा पाचवा कोण, ते ड्राफ्टच्या आधी कळवा. नंतर सगळेच शहाणे असतात. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!