मतदान न करणाऱ्या नागरिकाचे राजकीय मत : अधिकार आणि औचित्य

प्रस्तावना

‘ज्याने मतदान केले नाही, त्याला सरकारविषयी बोलण्याचा अधिकार नाही’ हे विधान निवडणुकीच्या दिवसांत महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षात हमखास ऐकू येते. २०११ पासून दरवर्षी २५ जानेवारीस साजऱ्या होणाऱ्या राष्ट्रीय मतदार दिनाच्या भाषणांतही त्याचे पडसाद उमटतात. मतदानाची टक्केवारी वाढावी हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. तथापि हेतू चांगला असला म्हणून विधान खरे ठरत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. म्हणजे नोंदणी झालेल्या सुमारे ९७ कोटी मतदारांपैकी तीस कोटींहून अधिक नागरिक मतदानयंत्रापर्यंत पोहोचले नाहीत. एवढ्या मोठ्या समुदायाने पाच वर्षे गप्प बसावे, असे म्हणण्याचा आधार काय, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची भूमिका

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने प्रत्येक नागरिकास भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यावरील वाजवी निर्बंधांची कारणे अनुच्छेद १९(२) मध्ये नमूद आहेत. मतदान न करणे हे त्यांपैकी एकही नाही. अनुच्छेद ५१-क मधील मूलभूत कर्तव्यांच्या यादीतही मतदानाचा उल्लेख आढळत नाही.

याहून लक्षणीय बाब वेगळीच आहे. पोन्नुस्वामी (१९५२) पासून कुलदीप नायर (२००६) पर्यंतच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने मतदानाचा अधिकार हा मूलभूत नसून कायद्याने निर्माण केलेला अधिकार असल्याचे म्हटले आहे. मतदान करताना होणारी निवड मात्र अभिव्यक्ती-स्वातंत्र्याचा भाग मानली गेली. अभिव्यक्ती मूलभूत आणि मतदान वैधानिक, अशी ही रचना आहे. ‘आधी मत द्या, मग बोला’ असे म्हणणारा मूलभूत अधिकाराला वैधानिक अधिकाराच्या दावणीला बांधतो. घर भाड्याच्या करारावर उभे आहे असे सांगण्यासारखाच हा प्रकार होय.

२७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने या विषयाला नवे परिमाण दिले. त्यापूर्वी निवडणूक संचालन नियमांतील ४९-ओ या नियमानुसार केंद्रावर जाऊन मत न देण्याचा निर्णय नोंदविता येत असे. परंतु तो मतदार-नोंदवहीत सर्वांसमक्ष लिहिला जाई. मत देणाऱ्याला गुप्तता आणि न देणाऱ्याला उघडेपणा, हा भेद न्यायालयाने अमान्य केला व ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय यंत्रावर आला. सर्व उमेदवारांना नाकारणे हीदेखील अभिव्यक्तीच आहे, हे त्यातून मान्य झाले. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरते एक पाऊल पुढे टाकून, या पर्यायाला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणूक घेण्याची तरतूद केली. लोकसभा-विधानसभेत मात्र तशी सोय नाही. तेथे नकाराची मते मोजली जातात, पण निकालावर त्यांचा परिणाम होत नाही.

न देणारे कोण?

‘मतदान न करणारा’ असा एकच एक मनुष्य अस्तित्वात नाही, ही गोष्ट या वादात सहसा विसरली जाते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे उदाहरण बोलके आहे. १९५१-५२ च्या मतदारयाद्या तयार होत असताना उत्तर व मध्य भारतातील असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्याचे टाळले. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून वगळली गेली. सेन यांचा निर्णय दूरदृष्टीचा होता, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच्या धाकाने पुढील निवडणुकांत स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या. परंतु १९५२ मध्ये मत न देऊ शकलेल्या त्या स्त्रीला धान्याच्या टंचाईबद्दल बोलण्याचा अधिकार नव्हता, असे कोण म्हणेल?

आजही अशी माणसे आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगातील व्यक्तीस मतदान करता येत नाही. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता तेवढी अपवाद आहे. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. २०१३ च्या दुरुस्तीनंतर कोठडीतील व्यक्ती निवडणूक लढवू शकते, पण स्वतःला मत देऊ शकत नाही. परदेशस्थ भारतीय नागरिकांना २०१० च्या दुरुस्तीने मताधिकार मिळाला. मात्र मतदानासाठी त्यांनी मूळ गावच्या केंद्रावर हजर राहिले पाहिजे. दुबईत काम करणाऱ्या रत्नागिरीच्या सुताराला हा अधिकार विमानाच्या तिकिटाएवढा महाग पडतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ऊसतोडणी कामगारांचा प्रश्न सर्वांत ठळक आहे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील कुटुंबे दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, हंगामाच्या ऐन तोंडावर झाले. मुकादमाची उचल घेऊन बसलेल्या जोडप्याला एक दिवस मोडून गावी येणे म्हणजे मजुरीवर पाणी सोडणे होय. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस मांडला, पण राजकीय पक्षांच्या आक्षेपांमुळे तो पुढे सरकला नाही. उसाच्या दरावर, आरोग्य विम्यावर, शाळाबाह्य मुलांवर बोलण्यास या कामगारांइतके पात्र दुसरे कोण?

तत्त्वापोटी न देणारेही असतात. १९९८ पर्यंतचे राष्ट्रपती सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करीत नसत. पदाची पक्षातीतता हे त्याचे कारण मानले जाई. के. आर. नारायणन हे मतदान केंद्रावर जाऊन मत देणारे पहिले विद्यमान राष्ट्रपती ठरले. त्यांच्या पूर्वसूरींनी राजकीय भाष्याचा अधिकार गमावला होता, असा आक्षेप कोणी घेतल्याचे स्मरत नाही. रस्ता किंवा पाणी नाही म्हणून अख्खे गाव बहिष्कार टाकते, तेव्हा तर न दिलेले मत हेच गावाचे म्हणणे असते.

मताधिकाराआधीचे मत

इतिहासाचा दाखला या संदर्भात दुर्लक्षिता येणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाविषयी निवेदन सादर केले, तेव्हा मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात एकही निर्वाचित सदस्य नव्हता. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातील मोजक्या स्त्रियांना मताधिकार मिळाला तो त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. मराठीतील राजकीय विचाराचा पाया मताधिकार नसलेल्यांनी घातला आहे. किंबहुना मत मांडण्यातूनच मताधिकाराची मागणी उभी राहिली. क्रम हा असा आहे, आणि आजचा आक्षेप तो उलटा करू पाहतो.

खरा पेच

येथवरचे विवेचन वाचून सुखवस्तू, सुशिक्षित मतदार निश्चिंत होण्याचा संभव आहे. परंतु आक्षेपाचे खरे लक्ष्य तोच आहे. यादीत नाव आहे, केंद्र पाचशे पावलांवर आहे, पगारी सुट्टी आहे, आणि तरीही तो लोणावळ्याला गेला आहे.

त्याचाही बोलण्याचा अधिकार अबाधित आहे. शिवाय आक्षेपामागील तर्क सरळ नेला तर विचित्र ठिकाणी पोहोचतो. मतदान ही संमती मानली, तर विजयी उमेदवारास मत देणाऱ्यानेच तक्रार करू नये, असे म्हणावे लागेल. प्रश्न अधिकाराचा नसून औचित्याचा आहे. धरणाच्या उंचीविषयी किंवा अनुदानाच्या सूत्राविषयी त्याने केलेले विधान पुराव्यावर तपासावे. त्याच्या बोटावरील शाईशी त्याचा संबंध नाही. मात्र ‘आपल्या वॉर्डात चांगला माणूस निवडूनच येत नाही’ असे तो म्हणतो, तेव्हा ते विधान त्याच्या स्वतःच्या कृतीविषयीही असते, आणि ‘तुम्ही काय केले?’ हा प्रश्न तेथे रास्त ठरतो. या प्रश्नाचा हेतू त्याला उत्तर द्यावयास लावण्याचा आहे. गप्प करण्याचा नाही.

सक्तीने हा पेच सुटतो, असेही नाही. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून संघीय निवडणुकांत मतदान सक्तीचे आहे व तेथे ते रुजले आहे. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी असा कायदा केला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. ज्याला गावी पोहोचताच येत नाही, त्याला दंड करून काय साधणार?

प्राध्यापक आणि परिषदेच्या याद्या

आपल्या व्यवसायाच्या संदर्भात हा प्रश्न आणखी जवळचा आहे. निवडणुकीच्या कामावर नेमणूक झालेल्या प्राध्यापकाने टपाली मतासाठी वेळेत अर्ज केला नाही, तर दिवसभर इतरांच्या बोटांना शाई लावून तो स्वतः मतदानाविना परततो. तोही आकडेवारीत ‘मतदान न करणारा’च असतो.

महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधरांच्या व सात शिक्षकांच्या आहेत. या मतदारसंघांच्या याद्या सर्वसाधारण यादीप्रमाणे कायम राहत नाहीत. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी त्या कोऱ्या कागदापासून नव्याने तयार होतात. मागील वेळी नाव होते म्हणून या वेळी ते असेलच, असे नाही. पदवीधराने अठरा क्रमांकाचा व शिक्षकाने एकोणीस क्रमांकाचा नमुना पुन्हा भरून द्यावा लागतो, सोबत पदवीचा किंवा सेवेचा पुरावा जोडावा लागतो. अनेक पात्र सहकारी हा अर्ज करीतच नाहीत, आणि त्यांपैकी काहींना परिषदेत शिक्षकांचे प्रश्न कोणी मांडत नाही, अशी खंत वाटते. ही खंत खोटी नाही. वेतननिश्चिती, रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील नेमणुका या विषयांवर त्यांचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. नोंदणीची मुदत जाहीर झाली म्हणजे मात्र एकोणीस क्रमांकाचा एक कोरा नमुना त्यांच्या टेबलावर ठेवण्यास हरकत नसावी.