खोक्यातली खळखळ

गेल्या दिवाळीत फराळासाठी निळ्या नक्षीच्या सहा वाट्या ऑनलाइन मागवल्या. थेट उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून. धनत्रयोदशीला खोकं आलं. हलवलं, तर आत खळखळ! आणणारा पोरगाच म्हणाला, "ओडदावरी सर!" तीन वाट्यांचे काठ गेले होते. एकात एक घालून वरून एकच कागद गुंडाळलेला. असं केल्यावर चिनी माती राहणार कशी? प्रत्येक नग वेगळा गुंडाळायचा आणि खोक्यात खोकं घालायचं, एवढं साधं काम.

उघडतानाचं चित्रण नाही म्हणून विक्रेत्याने हात वर केले. २०२० च्या ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे मात्र सदोष माल परत घ्यायला त्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मराठी चालतं, कानडीही. आमच्या घरी दोन्ही चालली! पैसे आले, पण तुळशीचं लग्न उरकल्यावर.

धारवाडच्या सासूबाईंनी पाडव्याला पितळी ताटात करदंट मांडला आणि विचारलं, "जावईबापू, आपल्या खानापुरात कुंभार नव्हते का?"