फेसचा हरीरा, कोरेगावचा घेवडा

हरीरा हा शब्द आमच्या घरांना नवा नाही. बाळंतिणीला रवा, तूप, बदाम आणि खसखस घालून जो गरम, गोड, पातळ पदार्थ वाडग्यातून देतात, तो दखनी घरांतला हरीरा. मिरजेला माहेरी मीही तो दोन्ही बाळंतपणांत चाळीस दिवस प्यायले आहे. अरबीत 'हरीर' म्हणजे रेशीम. रेशमासारखा मऊ म्हणून हरीरा, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. जुन्या अरबी शब्दकोशांतही पीठ दुधात किंवा चरबीत शिजवून केलेला पातळ पदार्थ असाच त्याचा अर्थ आहे.

म्हणूनच २०२३ च्या रमजानमध्ये मोरोक्कोतल्या फेस शहरात लालसर, आंबटसर, डाळी-कडधान्यांनी दाट झालेला वाडगा समोर आला आणि त्याचे नाव हरीरा आहे असे कळले, तेव्हा मला गंमत वाटली. नाव तेच, वाडगा तसाच, चव मात्र पार वेगळी. टोमॅटो अमेरिका खंडातून आलेला, म्हणजे त्यांच्याही हरीऱ्यात तो उशिराच शिरला असणार. शब्द प्रवासाला निघाले की वाटेत जे मिळेल ते पोटात घेतात.

मी एकटीच गेले होते. उर्दू प्रवासवर्णने शिकवताना टँजियरच्या इब्न बतूताचा उल्लेख दरवर्षी येतो. १३२५ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी तो घरून एकटा निघाला आणि पुढे आपल्या दौलताबाद, नंदुरबारपर्यंत पोचला. त्याचा मुलूख एकदा पाहायचा होता. घरात पहिला प्रश्न आला, "सोबत कोण?" नातेवाइकांत कुजबुजही झाली. पण त्याच वर्षी आपल्या देशातून चार हजारांहून अधिक स्त्रिया मेहरमशिवाय हजला जाणार होत्या. अम्मी एवढेच म्हणाल्या, "जा, पण रोजा कुठे सोडणार ते आधी ठरव."

ते काही आधी ठरवता आले नाही. फेसचा जुना भाग म्हणजे अरुंद बोळांचे जाळे. १९८१ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. नवव्या शतकात फातिमा अल-फिहरी नावाच्या स्त्रीने उभारली असे परंपरेने मानले जाते ती करवीयीन मशीद तिथेच आहे. दिवसभर खेचरे, हातगाड्या आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्या गल्ल्या मगरिबच्या आधी काही मिनिटांत रिकाम्या होतात. दुकानांच्या फळ्या लागतात, माणसे घराकडे धावतात. पर्समध्ये चार खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन मी एका ओट्यावर बसले होते. शेजारच्या मसाल्याच्या दुकानातल्या बाईंनी पाहिले आणि हाताला धरून आत नेले. माझी पुस्तकी अरबी आणि त्यांची बोली यांचे फारसे जमले नाही. पण खजूर, उकडलेले अंडे, त्यावर जिऱ्याची पूड, मधात घोळवलेली शबाकिया आणि हरीरा यांना भाषांतर लागत नाही. इफ्तारला तिथे 'फ्तूर' म्हणतात, म्हणजे न्याहारीच. मी एकटी बसले होते हेच त्यांना खटकले होते. मी कोण, कुठली, हे त्यांनी नंतर विचारले.

साताऱ्याला परतल्यावर ती चव आठवत होती, पण त्याहून जास्त आठवत होते ते त्यांचे खटकणे. आमच्या कॉलेजात आसपासच्या गावांतून आलेल्या मुली भाड्याच्या खोल्यांत राहतात. रमजान परीक्षांच्या दिवसांत आला की घरी जाता येत नाही. मेस संध्याकाळी उशिरा उघडते. चौकशी केली तेव्हा कळले की कित्येक जणी पाणी, बिस्कीट, फार तर एखादा वडापाव यावर रोजा सोडतात. दिवसभराच्या उपाशी पोटाला ते कसे पुरणार?

मग हरीरा करून पाहिला, तो इथल्या जिनसांत. त्यांच्याकडे छोले आणि मसूर असतात. मी काबुली चण्यांऐवजी कोरेगावचा वाघ्या घेवडा घेतला. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपल्या जिल्ह्याचा हा घेवडा शिजल्यावर लोण्यासारखा मऊ होतो. हळद सांगलीची. शेवटी पातळ पीठ लावायची त्यांची रीत तर आपल्या आंबिलीच्या घरातलीच.

सहा-सात जणींसाठी एक वाटी घेवडा रात्रभर भिजवून, पाणी बदलून कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. पातेल्यात थोड्या तेल-तुपावर दोन कांदे, आले, कोथिंबिरीचे कोवळे देठ परता. अर्धा चमचा हळद, मिरपूड, चिमूटभर दालचिनीची पूड घाला. पाच-सहा पिकलेल्या टोमॅटोंचा रस, अर्धी वाटी मसूर आणि सात-आठ वाट्या पाणी घालून मसूर विरघळेपर्यंत उकळा. मग घेवडा व मीठ घाला. तीन चमचे ज्वारीचे पीठ रात्रीच पाण्यात कालवून ठेवलेले असावे. ते बारीक धारेने सोडताना हात थांबवू नका, नाहीतर गुठळ्या होतात. दहा मिनिटे मंद आचेवर ठेवा. वर भरपूर कोथिंबीर आणि लिंबू. मटणाचे बारीक तुकडे सुरुवातीला घातले तरी चालतात. शबाकियाच्या जागी आम्ही तासगावचे भिजवलेले बेदाणे ठेवतो.

तळण नसल्यामुळे असरनंतर चुलीपाशी अडकावे लागत नाही, हा घरातल्या बाईचा फायदा. सकाळीच करून ठेवता येतो, डब्यात नेता येतो, परत गरम केला तरी बिघडत नाही. फक्त आळतो, तेव्हा थोडे गरम पाणी घालावे.

गेली दोन वर्षे आमच्या घरी शुक्रवारी मोठे पातेले चढते. मुली येतात. सोबत त्यांच्या खोलीतल्या, रोजा नसलेल्या मैत्रिणीही येतात. एकीच्या आईने गावाकडून पायलीभर घेवडा पाठवून दिला. अम्मींचे मत मात्र ठाम आहे : "चांगला आहे, पण हरीरा नव्हे. हरीरा गोडच."

रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला त्याच्याइतकाच सवाब मिळतो, हे आपण सगळे जाणतो. त्यासाठी मोठी दावत लागत नाही. आपल्या गल्लीत कुणी नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा म्हातारपणामुळे एकटे रोजा सोडत असेल, तर यंदा पाणी दोन वाट्या जास्त घाला आणि मगरिबच्या पंधरा मिनिटे आधी त्यांचे दार वाजवा.